पायाखालचा साग

चांद्याचें नांव काढलें कीं सागाचें जंगल आठवतें. या जुन्या जिल्ह्यांतून १९८२ मध्यें गडचिरोली वेगळा झाला, तरी आलापल्ली, अहेरी, सिरोंचा हीं नांवें सागाशीं जोडलेलींच राहिलीं. दक्षिणेकडील सोट प्राणहिता-गोदावरीच्या पाण्यांतून पूर्वकिनाऱ्याकडे वाहवीत नेत. उत्तरेस वरोऱ्याला १८७१ मध्यें सरकारी कोळशाची खाण निघाली, तिच्यासाठीं वर्ध्याहून रूळ आले, आणि बरींच वर्षें वरोरा हेंच जिल्ह्यांतील रेल्वेचें अखेरचें ठाणें होतें. १९०६ मध्यें खाण बंद पडली. रूळ पुढें गेले, आणि लांकडाचें मोठें ठाणें म्हणून बल्लारपूर नांवारूपास आलें. २०२३ मध्यें अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठीं साग तेथूनच गेला.

एवढा साग दाराशीं असूनहि वरोऱ्याच्या घरांत पायाखालीं शेणानें सारवलेली मातीच असे. याचें एक कारण कायद्याचें. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर राखीव जंगलांतील साग सरकारचा झाला; शेजारच्या माणसाला तो परवान्यावांचून तोडतां येईना. पण सारा दोष कायद्याच्या माथीं मारणें बरोबर नव्हे. ज्यांना लांकूड परवडे, त्यांच्या माडीवरहि उघड्या फळ्या नसत. तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट, अशी कडीपाटाची बांधणी होई. तिच्यावर माती चोपून पुन्हां सारवण. सुतार साहेबांच्या बंगल्यांत उघड्या फळ्यांची जमीन करीत, आणि स्वतःच्या घरीं मातीवर झोपत.

या मातीच्या थरामागें अनुभव होता. लांकूड मेल्यावरहि हवेंतील ओल घेतें आणि सोडतें. वरोऱ्याला वैशाखांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, आणि श्रावणांत मीठ ओलें होतें. अशा ठिकाणीं फळी वर्षांतून एकदां आक्रसते व एकदां फुगते. साग यांत पुष्कळ सोशीक. ओला सोट पूर्ण सुकेपर्यंत कापाच्या दिशेप्रमाणें सुमारें अडीच ते सहा टक्केच आटतो. एकेक फळी केसभरच हालते, पण खोलीच्या रुंदींत वीस-पंचवीस फळ्या असतात, आणि केसांची बेरीज बोटभर होते. मातीच्या थराखालीं या भेगा झांकल्या जात, धूळ खालच्या माजघरांत पडत नसे. उघड्या जमिनीला ही सोय नाहीं. तेथें लांकडाचा स्वभाव सांभाळूनच काम करावें लागतें.

म्हणून वखारींतून आणलेली कोरी फळी त्याच दिवशीं ठोकणें हा उतावीळपणा आहे. ज्या खोलींत ती बसावयाची, त्याच खोलींत मध्यें पट्ट्या घालून, वारा खेळेल अशी रचून ती कांहीं आठवडे मुरूं द्यावी. वैशाखांत घट्ट बसविलेली जमीन श्रावणांत उचलते. श्रावणांत बसविलेली वैशाखांत फांकते. दिवाळीनंतरचे दिवस त्यांतल्या त्यांत बरे. फळीच्या एका कडेस खोबण व दुसरीस जीभ असावी, खिळा जिभेंतून तिरपा मारावा, आणि भिंतीलगत चोहों बाजूंनीं अर्धा इंच जागा मोकळी सोडून वर पट्टी बसवावी. ही मोकळी जागा पाहून घरमालक कुरकुरतो, पण सारी जमीन तिच्यावरच तगते.

रंधा व कांचकागद रेषांच्या दिशेनेंच चालवावा. वर काय लावावें, याचें उत्तर विदर्भाच्या मातींतच होतें. जवस येथील शेतांत पिके व लाख जंगलांत मिळे. हा माल परदेशीं जाई, आणि तिकडे त्यांचींच रोगणें होत. लाखेचें पॉलिश पेटीला शोभतें, पण जमिनीवर पाण्याचा थेंब सांडला कीं पांढरा डाग धरतें. जमिनीला उकळलेलें जवसाचें तेल बरें. कच्चें तेल फारच सावकाश वाळतें. सागाच्या अंगीं स्वतःचें तेल असल्यामुळें हात अगदीं पातळ द्यावे, जास्तीचें तेल पुसून काढावें, आणि पहिला हात पुरता सुकल्याशिवाय दुसरा देऊं नये. पुसलेल्या चिंध्यांचा बोळा मात्र कोपऱ्यांत टाकूं नये. हें तेल वाळतांना उष्णता सोडतें व तो बोळा आपोआप पेट घेतो. चिंध्या बाहेर सुट्या पसराव्या, किंवा पाण्यांत बुडवून ठेवाव्या.