हवाई बेटावरचं लग्न कागदावर कसं आलं



गेल्या महिन्यात आमच्या गटाची बैठक संपली, बचत जमा झाली, प्रोसिडिंगवर सह्या झाल्या. सगळ्या उठल्यावर एक काकू मागं थांबल्या आणि मोबाईल पुढं केला. फोटोत निळा समुद्र, नारळाची झाडं, पांढरी वाळू. "पोरीनं धाडलाय. हितं लगीन करायचं म्हणतीया." मुलगी कॅलिफोर्नियात नोकरीला आहे. मी म्हटलं, "अभिनंदन काकू!" तर त्या हळूच म्हणाल्या, "दुसरी बी पोरगीच हाय."

मला वाटलं, आता लोक काय म्हणतील ते विचारणार. तसं त्यांनी विचारलं नाही. त्या म्हणाल्या, "ताई, हे लगीन कागदावर धरत्यात का?"

मी तेव्हा नीट उत्तर देऊ शकले नाही. मग वाचत गेले, आणि वाचता वाचता इतका मोठा इतिहास हाती लागला की आजचं भाषण त्यावरच करायचं ठरवलं. काकूंची परवानगी आहे, नाव-गाव तेवढं घेऊ नका म्हणाल्या.

फोटोतली ती जागा म्हणजे हवाई. पॅसिफिक महासागरातली ही बेटं अमेरिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे ३,८०० किलोमीटर आत आहेत. आपल्याकडे सकाळचे साडेआठ वाजतात तेव्हा तिथं आदल्या दिवशीचे संध्याकाळचे पाच वाजलेले असतात. आज आपण तिथले फोटो बघतो ते पर्यटकांचे, पण शंभर-दीडशे वर्षं हवाई म्हणजे ऊस आणि अननस. जपान, चीन, पोर्तुगाल, फिलिपिन्समधून मजूर आणून मळ्यांवर राबवले. शेवटचा साखर कारखाना २०१६ च्या डिसेंबरात बंद झाला. आपण उसाच्या पट्ट्यातल्या बायका, कारखाना बंद पडला की गावाचं काय होतं हे आपल्याला सांगायला नको. तिथं उसाची जागा हॉटेलांनी घेतली आणि हॉटेलांबरोबर लग्नांचा धंदा आला. पण आपली गोष्ट त्याच्या फार आधी सुरू होते.

होनोलुलु शहरात वायकीकी म्हणून किनारा आहे. तिथं चार मोठे दगड आहेत, टनाटनाचे. त्यांची कथा अशी सांगतात, की फार पूर्वी ताहितीकडून चौघे वैद्य होडीनं आले: कापाएमाहू, काहालोआ, कापुनी आणि किनोही. हे चौघे 'माहू' होते. ज्यांच्यात बाई आणि पुरुष दोघांचा अंश आहे, अशा माणसांना हवाईत माहू म्हणतात. चौघांनी गावोगाव फिरून आजारी माणसं बरी केली. ते परत निघाले तेव्हा लोकांनी त्यांच्या आठवणीसाठी डोंगराकडच्या भागातून हे दगड किनाऱ्यापर्यंत वाहून आणले, आणि वैद्यांनी जाण्याआधी आपली शक्ती त्यांच्यात ठेवली. मला हे वाचून आपल्या वेशीवरचे शेंदूर फासलेले दगड आठवले, आणि यल्लमाचे जोगतेसुद्धा. ज्याला घरात जागा नसते त्याला देवाच्या दारात मान असतो, हे आपल्याही ओळखीचं आहे.

पुढं १८२० मध्ये अमेरिकेहून मिशनरी हवाईत आले. त्यांनी हवाईच्या बोलीला लिपी दिली, छापखाना काढला, शाळा काढल्या. पण हुला नाच, माहूंचा मान, जुने संबंध ही सगळी पापं आहेत, हेही शिकवलं. मैत्रिणींनो, ज्या मिशन बोर्डानं ही माणसं हवाईला पाठवली, त्याच बोर्डाची माणसं १८१३ मध्ये मुंबईला उतरली आणि नंतर अहमदनगरला गेली. नगरला याच मिशनच्या फरारबाईंकडे सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं. त्यांनी आपल्याला शाळा दिली हे मी कधी विसरणार नाही. तिकडे त्यांनीच एका समाजाला स्वतःच्या माणसांची लाज वाटायला शिकवली, हेही मला सांगायलाच हवं.

त्या दगडांचं काय झालं? १९४१ मध्ये तिथं बोलिंग नावाचा खेळ खेळायची इमारत उठली आणि दगड गेले तिच्या पायात. ती इमारत पाडली तेव्हा, म्हणजे १९६३ मध्ये ते पुन्हा वर आले. शेजारी फलक लागला, वैद्यांची गोष्ट लिहिली गेली, पण ते माहू होते एवढंच कित्येक वर्षं त्यात नव्हतं. २०२० मध्ये या कथेवर एक छोटा कार्टूनपट निघाला, तो मुलांनाही कळेल असा आहे.

आता खटल्याकडे येते. याची सुरुवात कानदुखीपासून झाली.

नाइनिया बेअर आणि जेनोरा डान्सेल या होनोलुलुमधल्या दोघी. १९९० मध्ये त्यांची गाठ पडली, आणि ती घालून दिली नाइनियाच्या आईनं! आई आणि जेनोरा एकाच टीव्ही केंद्रात कामाला होत्या. काही दिवसांनी नाइनियाचा कान दुखायला लागला. तिच्याकडे आरोग्य विमा नव्हता, आणि अमेरिकेत विम्याशिवाय डॉक्टरकडे जाणं म्हणजे खिसा रिकामा करणं. जेनोराच्या दोन नोकऱ्या होत्या आणि दोन्हीकडून विमा होता. पण तो नाइनियाला चालेना, कारण कागदावर या दोघी एकमेकींच्या कुणीच नव्हत्या.

१७ डिसेंबर १९९० रोजी या दोघी आणि आणखी दोन जोडपी लग्नाचा परवाना मागायला गेली. त्यातलं एक दोन बायकांचं होतं आणि एक दोन पुरुषांचं. हवाईत हा परवाना आरोग्य खातं देतं. खात्यानं वरून सल्ला मागवला आणि नकार कळवला. मोठ्या हक्क-संघटनाही तेव्हा या भानगडीत पडायला कचरत होत्या, हरलो तर उलटं होईल म्हणून. डॅन फोली नावाच्या वकिलानं खटला घेतला. खालच्या कोर्टात ते हरले.

५ मे १९९३ रोजी हवाईच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. त्यातला मुद्दा गटात बसून समजून घेण्यासारखा आहे. हवाईच्या राज्यघटनेत लिंगावरून भेद करायला बंदी आहे. आता बघा, जेनोरा पुरुष असती तर तिला नाइनियाशी लग्नाचा परवाना त्याच दिवशी मिळाला असता. ती बाई आहे, एवढ्याच कारणानं नाकारला. मग हा बाई म्हणून केलेला भेद नाही का? न्यायालयानं परवाना लगेच दिला नाही. सरकारला तसंच भक्कम कारण असेल तर ते दाखवा, असं सांगून खटला खाली पाठवला. बाईपणावरून भेद नको, हा बायकांच्या चळवळीचा जुना मुद्दा. स्त्री-पुरुष समानतेची दुरुस्ती अमेरिकेच्या संसदेनं १९७२ मध्ये राज्यांकडे पाठवली, तेव्हा ती सगळ्यात आधी मंजूर करणारं राज्य हवाईच होतं, तेही त्याच दिवशी.

१९९६ मध्ये पुन्हा सुनावणी झाली. सरकारनं मुलांच्या भल्याचं कारण पुढं केलं. पण समलिंगी आईबापही मुलं चांगली वाढवू शकतात, हे सरकारनं आणलेल्या साक्षीदारांनाही मान्य करावं लागलं. ३ डिसेंबरला न्यायाधीश केविन चँग यांनी जोडप्यांच्या बाजूनं निकाल दिला आणि दुसऱ्याच दिवशी अपिलासाठी स्थगितीही दिली.

तोवर देशभर खळबळ उडाली होती. हवाईत लग्न करून जोडपी आपल्या राज्यात येतील, या धास्तीनं अमेरिकेच्या संसदेनं १९९६ मध्येच कायदा करून टाकला, की केंद्र सरकार असं लग्न मानणार नाही. हवाईत १९९८ च्या नोव्हेंबरात सार्वमत झालं. लग्न फक्त स्त्री-पुरुषांपुरतं ठेवण्याचा अधिकार विधिमंडळाला द्यावा का, या प्रश्नावर शंभरातल्या सुमारे ६९ जणांनी 'हो' म्हटलं. खटला संपला.

त्या पडझडीत एक कायदा मात्र झाला होता, १९९७ चा. ज्यांना कायद्यानं लग्न करता येत नाही अशा दोघांनी नोंद केली, तर दवाखान्यात भेटता यावं आणि वारसा मिळावा असे काही हक्क त्यात दिले. विधवा आई आणि तिचा बिनलग्नाचा मुलगासुद्धा त्यात बसत होते. मला हा कायदा फार आवडला. आपल्याकडे दोन विधवा जावा आयुष्यभर एका चुलीवर राहतात, त्यांच्यासाठी असं काही असतं तर?

नाइनिया आणि जेनोरा यांची जोडी पुढं टिकली नाही. खटला सात-आठ वर्षं चालला, सगळ्या देशाची नजर घरावर. कुठला संसार टिकेल?

मग बाकीचं जग पुढं गेलं. मॅसॅच्युसेट्स राज्यात २००४ मध्ये अशी लग्नं सुरू झाली. हवाईत २०१२ पासून जोडप्यांना लग्नासारखी नोंदणी मिळाली. आणि २०१३ च्या ऑक्टोबरच्या शेवटी राज्यपाल नील ॲबरक्रॉम्बी यांनी खास अधिवेशन बोलावलं. बोलायला पाच हजारांवर लोकांनी नावं दिली! पाच दिवस, पन्नास तासांहून जास्त सुनावणी चालली. बहुतेक माणसं विरोधात बोलली, तरी कुणाला उठवून लावलं नाही, प्रत्येकाला आपापली मिनिटं मिळाली. ग्रामसभेत बाईनं हात वर केला की पुढचा विषय पुकारणाऱ्यांनी हे ऐकावं. १३ नोव्हेंबरला सही झाली आणि २ डिसेंबर २०१३ ला, मध्यरात्र उलटताच, वायकीकीच्या एका हॉटेलात सहा जोडप्यांची लग्नं लागली. २६ जून २०१५ च्या निकालानं अमेरिकाभर हा हक्क मिळाला. १९९८ मध्ये राज्यघटनेत घातलेलं ते वाक्य हवाईच्या मतदारांनी २०२४ च्या नोव्हेंबरात बहुमतानं काढून टाकलं.

पैशाचा भागही होताच, तो लपवत नाही. कायद्याआधी हवाई विद्यापीठातल्या एका अर्थतज्ज्ञांनी अंदाज मांडला होता, की अशा लग्नांमुळे तीन वर्षांत २१ कोटी ७० लाख डॉलरची जादा उलाढाल होईल. हॉटेलवाल्यांना ते ऐकून बरं वाटलं असणार. पण आधीची वीस-बावीस वर्षं ज्यांनी खटले चालवले, ते हॉटेलवाले नव्हते.

आता काकूंच्या कामाचं. हवाईत परवान्यासाठी तिथले रहिवासी असावं लागत नाही. दोघींनी स्वतः हजर राहायचं, फी साठ-पासष्ट डॉलर, थांबायची मुदत नाही, परवाना तीस दिवस चालतो. लग्न लावणाराही सरकारकडे नोंदलेला लागतो. साक्षीदाराची सक्ती नाही. किनारा सरकारी असल्यामुळे वाळूवर लग्न लावायलाही वेगळी परवानगी काढावी लागते. मंडप नाही, कमान नाही, खुर्च्या फक्त म्हाताऱ्या माणसांपुरत्या. काकू म्हणाल्या, "म्हंजे आमच्यापुरत्या." आणि सगळी सुंदर बेटं सारखी नसतात, हेही ध्यानात असू द्या. आपल्याला जवळ असलेल्या मालदीवमध्ये समलिंगी संबंध हा आजही गुन्हा आहे. मॉरिशसमध्ये तो गुन्हा २०२३ मध्ये कोर्टानं रद्द केला. तिकीट काढायच्या आधी कायदा बघायचा.

आणि त्यांचा मूळ प्रश्न: कागदावर धरतात का? अमेरिकेत धरतात. विमा, दवाखाना, वारसा, सगळीकडे. भारतात धरत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ ला अशा संबंधांना गुन्ह्यातून मोकळं केलं, पण १७ ऑक्टोबर २०२३ ला लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला. ते काम संसदेचं आहे, असं सांगितलं. त्यानंतर २०२४ मध्ये केंद्र सरकारनं काही गोष्टी स्पष्ट केल्या: अशा जोडीदारांना बँकेत संयुक्त खातं काढता येतं आणि एकमेकांना नॉमिनी लावता येतं, आणि रेशनकार्डासाठी त्यांना एकाच घरातलं धरावं. मुलगी उद्या इकडे परत आली तर तिच्या हातात हवाईचा दाखला असेल, पण इथल्या कचेरीत ती अविवाहितच. काकूंना मी हे तसंच सांगितलं, गोड करून नाही. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "नॉमिनी तरी लावता येतंय न्हवं."

काकूंनी पासपोर्टचा अर्ज भरलाय. काकांचं अजून ठरत नाही. जन्माचा दाखला नसल्यामुळे चौथीपर्यंतच्या शाळेचा दाखला शोधणं चाललंय. व्हिसा त्यानंतर. परवा पुन्हा भेटल्या तेव्हा त्यांना ते चार दगडच आठवत होते.

"त्या दगडांना काय वाहत्यात वो?"

मी म्हटलं, फुलांच्या माळा.

"मग आपली शेवंती न्हेऊ की."

मी म्हटलं, फुलं-फळं विमानतळावर काढून घेतात.

"असू दे," म्हणाल्या. "तिथनंच घेऊ."