कानांची परीक्षा

इंग्रजीच्या पेपरात "खालील उतारा वाचा आणि प्रश्नांची उत्तरे लिहा" हा प्रश्न सोडवल्याशिवाय आपल्यापैकी कुणी शाळेतून बाहेर पडलेले नाही. मीही तो सोडवला आणि पुढे शिक्षिका म्हणून कित्येक वर्षे तपासला.

एकदा एका मुलाची पाचही उत्तरे बरोबर होती. मला कौतुक वाटले. त्याला बोलावून म्हटले, "बाळ, या उताऱ्यात काय लिहिलंय ते मराठीत सांग बघू." पोरगा मान खाली घालून उभा! प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ते अख्खे वाक्य उतरवायचे, एवढेच त्याने केले होते. मार्क पैकीच्या पैकी. आणि ही युक्ती त्याला वर्षभर शिकवली होती कुणी? मीच.

परीक्षा नक्की काय मोजते, हा प्रश्न तेव्हापासून मनात राहिला. अलीकडे जपानविषयी वाचताना तो पुन्हा समोर आला.

जपानमध्ये सरकारी विद्यापीठांच्या प्रवेशासाठी १९७९ साली देशभर एकच प्राथमिक परीक्षा सुरू झाली. १९९० पासून तिच्या जागी 'सेंटर टेस्ट' आली. हायस्कूल संपवणारी लाखो मुले ती देत. इंग्रजीचा पेपर सगळा कागदावर, वाचून सोडवायचा. गंमत म्हणजे उच्चारांची परीक्षासुद्धा कागदावरच! 'डबल ओ' असलेले मून, फूड, कूल, गुड असे चार शब्द द्यायचे आणि वेगळा उच्चार कुणाचा ते ओळखायला सांगायचे. मुले यादी पाठ करत. शब्द कधी कानावर पडला नसला तरी मार्क मिळत. मला माझा तो विद्यार्थीच आठवला.

अखेर २००६ च्या जानेवारीत तिथे ऐकण्याची परीक्षा आली. लेखी पेपर २०० गुणांचा, ऐकण्याचा ५० चा, अर्ध्या तासाचा. प्रत्येक सभागृहात आवाज वेगळा घुमतो, मागच्या बाकावरच्याला कमी ऐकू येते, मग न्याय कसा होणार? म्हणून सुमारे पाच लाख मुलांपैकी प्रत्येकाला ध्वनी ऐकण्याचे छोटे यंत्र आणि इअरफोन दिला गेला. पहिल्याच वर्षी काही यंत्रांनी दगा दिला आणि चारशेहून अधिक मुलांना त्याच दिवशी पुन्हा बसवावे लागले. तरी त्यांनी ती परीक्षा सोडली नाही. २०२१ पासून नव्या 'कॉमन टेस्ट'मध्ये वाचनाला १०० आणि ऐकण्याला १०० गुण झाले. उच्चारांचे ते कागदी प्रश्न गेले. ऐकण्याचे काही प्रश्न तर एकदाच ऐकवले जाऊ लागले.

बोलणे आणि लिहिणे तपासायला खासगी संस्थांच्या परीक्षा वापराव्यात असेही ठरले होते. पण फी आणि केंद्रांचे अंतर पाहता गरीब आणि खेड्यातल्या मुलांवर अन्याय होईल अशी ओरड झाली आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये तो बेत पुढे ढकलला गेला. पुढे तो सोडूनच दिला. हे वाचून मला बरे वाटले.

शेजारच्या दक्षिण कोरियाची तऱ्हा आणखी वेगळी. तिथल्या प्रवेशपरीक्षेत १९९३ पासून, म्हणजे सुरुवातीपासूनच, इंग्रजी ऐकण्याचे प्रश्न आहेत. आज ४५ पैकी १७ प्रश्न ऐकून सोडवायचे असतात. ते वर्गातल्या स्पीकरवर ऐकवतात, म्हणून त्या वेळी सुमारे ३५ मिनिटे देशभर विमानांचे उतरणे-उडणे थांबवतात. मुलांना नीट ऐकू यावे म्हणून आकाश गप्प!

आता आपल्याकडचे. महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी आले, दहावीला तोंडी परीक्षाही आली. पण मी शिकवत होते तेव्हा आमच्या शाळेतला टेपरेकॉर्डर कुलपात असे आणि बाहेर निघे तो स्नेहसंमेलनाच्या नाचासाठी. मुलांनी ऐकलेले इंग्रजी म्हणजे माझे, मराठी वळणाचे. तेही उतारा वाचून दाखवण्यापुरते. ऐकण्याला पेपरात मार्क नव्हते, म्हणून मी तो टेपरेकॉर्डर कधी मागितला नाही. मागितला असता तर मिळाला असता, हे आज कबूल करते.

परीक्षा घेतली की भाषा येते असे नाही. जपानी आणि कोरियन मुलेही बोलताना अडखळतात, अशी तक्रार तिथे असतेच. पण तिथे निदान कानांची दखल घेतली गेली.

असो. तो मुलगा पास झाला. पुढे नोकरीच्या मुलाखतीत साहेबाचा पहिलाच प्रश्न त्याला कळला नाही, असे त्याने मला भेटून हसत हसत सांगितले. मला मात्र हसू आले नाही.