अक्षरांवर उभा मदरसा

बीदर या नावाचं मूळ शोधलं की आधी बांबू हाती लागतो. कन्नडमध्ये बांबूला ‘बिदिरु’ म्हणतात. पण लोकांना नावामागे गोष्ट हवी असते. कोणी हे विदुराचं नगर मानतं, कोणी विदर्भ. इतिहासकार फिरिश्तानेही दमयंतीला बीदरच्या राजाची लेक करून टाकलं. दमयंतीचं माहेर कौंडिण्यपूर मानणारे वऱ्हाडकर हे ऐकून घेणार नाहीत. तरी या कथेवर इथला थोडा हक्क आहेच. कलबुर्गीजवळच्या मळखेडला राजधानी असलेल्या राजा तिसऱ्या इंद्राच्या पदरी त्रिविक्रमभट्ट होता. दहाव्या शतकाच्या आरंभी त्याने नल-दमयंतीच्या कथेवर रचलेलं ‘नलचंपू’ श्लेषांसाठीच नावाजलं गेलं.

पुढे बहमनी सुलतानांची राजधानी कलबुर्गीहून बीदरला आली आणि या नावाला फारसी कान लाभले. फारसीत ‘बेदार’ म्हणजे जागा. बीदर लिहिताना मधे एक अलिफ घातला, की शहर जागं होतं.

महमूद गावानच्या मदरशाचं सालही अक्षरांतच ठेवलेलं आहे. गावान मूळचा इराणच्या गिलानचा. व्यापारासाठी आला, बहमनींचा वजीर झाला, पत्रलेखनकलेवर ग्रंथ लिहिले. अबजद पद्धतीत प्रत्येक अक्षराला ठरावीक अंक असतो. मदरशाचं साल सांगणाऱ्या कालश्लेषासाठी कुराणातले तीन शब्द घेतले गेले. काबा उभारताना इब्राहीम आणि इस्माईल यांनी आपलं काम रुजू व्हावं म्हणून केलेल्या प्रार्थनेतले ते शब्द. पहिल्याचे अंक २५३, दुसऱ्याचे ५३२, तिसऱ्याचे ९१. बेरीज ८७६, म्हणजे हिजरी सन ८७६, इसवी १४७१-७२. सालही जुळलं आणि बांधणाऱ्याची विनवणीही पोहोचली. याहून नेमकी कोनशिला मला माहीत नाही.

तीन मजले, दर्शनी बाजूला दोन मिनार, रंगीत चकचकीत फरशा आणि तीन हजार ग्रंथांचा संग्रह, असा या विद्यालयाचा थाट होता.

संस्थापकाच्या वाट्याला मात्र जेमतेम दहा वर्षं आली. विरोधकांनी त्याच्या शिक्क्याचा कोरा कागद मिळवून त्यावर ओरिसाच्या राजाला फितुरीचं पत्र लिहिलं. सुलतान तिसऱ्या मुहम्मदशहाने शहानिशा न करता १४८१ मध्ये या वृद्ध वजिराचा शिरच्छेद करवला. तो निरपराध होता असं सांगणारी एक फारसी ओळ तेव्हा रचली गेली. तिच्या अक्षरांची बेरीज येते ८८६, त्याच्या मृत्यूचं हिजरी साल.

१६५७ मध्ये औरंगजेबाने बीदर घेतलं. पुढे मदरशात दारूगोळा ठेवला जाऊ लागला आणि १६९६ मध्ये त्याच्या स्फोटात मदरशाचा एक मिनार आणि दर्शनी भागाचा मोठा तुकडा कोसळला. उरलेली वास्तू आज पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे.