मालमत्ता कर आकारणीवरील हरकत (ठाणे व कल्याण-डोंबिवली)

मालमत्ता कर आकारणीवरील हरकत ही महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातील एक वैधानिक प्रक्रिया आहे. घर, गाळा किंवा जमीन यांचे महानगरपालिकेने ठरवलेले करयोग्य मूल्य चुकीचे अथवा अवाजवी वाटल्यास मालक किंवा भोगवटादार या प्रक्रियेने ते कमी करून मागू शकतो. हरकत प्रथम महानगरपालिका आयुक्तांकडे करावी लागते आणि तिच्या निर्णयाविरुद्ध दिवाणी न्यायालयात अपील करता येते. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महानगरपालिकांना हाच अधिनियम लागू आहे. बोलीभाषेत या कराला ‘घरपट्टी’ म्हणतात.

हरकत घेतली जाते ती मूल्यावर, देयकावर नव्हे. देयक हाती पडल्यावर रक्कम जास्त आहे अशी तक्रार करणाऱ्याला बहुधा उत्तर मिळते की मूल्य पूर्वीच कायम झाले असून हरकतीची मुदत संपली आहे. म्हणून देयकापेक्षा त्याआधी येणाऱ्या विशेष नोटिशीकडे लक्ष देणे अधिक महत्त्वाचे ठरते.

कायदेशीर पार्श्वभूमी

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २६५ नुसार कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर बसवता येत नाही. जमीन व इमारतींवरील कर हा सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत ४९ व्या क्रमांकाचा विषय आहे. मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९ हा कायदा आता महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम या नावाने ओळखला जातो. मालमत्ता करात कोणत्या करांचा समावेश होतो हे त्याच्या कलम १२९ मध्ये सांगितले असून मूल्यांकन, नोंदवही, हरकती आणि वसुली यांचे तपशील अनुसूची ‘ड’ मधील आठव्या प्रकरणात, म्हणजे कराधान नियमांत, आहेत. बृहन्मुंबईला मात्र १८८८ चा स्वतंत्र अधिनियम लागू आहे. मुलुंडचा चेकनाका ओलांडून ठाण्यात राहायला आलेल्या कुटुंबाला त्यामुळे वेगळ्या कायद्याचे आणि वेगळ्या हिशेबाचे देयक मिळते.

ठाणे नगरपालिका १८६३ मध्ये स्थापन झाली आणि १ ऑक्टोबर १९८२ रोजी तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८३ रोजी अस्तित्वात आली.

करयोग्य मूल्य

कराधान नियमांतील नियम ७ नुसार इमारत किंवा जमीन वर्षभरासाठी भाड्याने दिल्यास वाजवीपणे जितके भाडे अपेक्षित धरता येईल, त्यातून दहा टक्के वजा करून उरणारी रक्कम म्हणजे करयोग्य मूल्य होय. दुरुस्ती व इतर सर्व कारणांसाठीची सूट या दहा टक्क्यांतच सामावलेली असते. घर प्रत्यक्षात भाड्याने दिलेले असण्याची आवश्यकता नाही. प्रत्यक्ष कामकाजात महानगरपालिका विभाग, बांधकामाचा प्रकार आणि वापर यांनुसार दर चौरस मीटरचे भाडेदर ठरवते आणि त्यांना क्षेत्रफळाने गुणून वार्षिक भाडे काढते.

एक कल्पित उदाहरण घेतल्यास, ५० चौरस मीटरच्या सदनिकेस दरमहा प्रति चौरस मीटर २० रुपये दर धरला तर वार्षिक भाडे १२,००० रुपये आणि करयोग्य मूल्य १०,८०० रुपये होते. सर्व करांचा एकत्रित दर ६० टक्के मानल्यास वर्षाचा कर ६,४८० रुपये येईल. हीच सदनिका नोंदवहीत ६० चौरस मीटर अशी लागली, तर करयोग्य मूल्य १२,९६० आणि कर ७,७७६ रुपये होईल. फरक १,२९६ रुपयांचा आहे, पण चूक दुरुस्त होईपर्यंत तो दरवर्षी द्यावा लागतो.

भाडे नियंत्रण कायद्याखालील जुन्या भाडेकरूंच्या इमारतींसाठी न्यायालयांनी वेगळे तत्त्व मांडले. कायद्याने मालकाला प्रमाण भाड्यापेक्षा अधिक भाडे घेता येत नसेल, तर ‘वाजवीपणे अपेक्षित’ भाडेही त्याहून अधिक धरता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने कलकत्त्याच्या पद्मादेवी खटल्यात (१९६२) आणि पुढे दिल्लीच्या देवान दौलतराय कपूर खटल्यात (१९७९) ठरवले. जुन्या चाळींच्या आकारणीवरील हरकतींत या निर्णयांचा आधार घेतला जातो.

देयकात सामान्य करासोबत जललाभ कर, मलनिःसारण लाभ कर, वृक्ष उपकर यांसारखे घटक असतात. राज्य शासनाचा शिक्षण कर, बिगरनिवासी मालमत्तांवरील रोजगार हमी कर आणि मोठ्या निवासी जागांवरील कर महानगरपालिका शासनाच्या वतीने वसूल करते. यांतील बहुतेक घटकांचा पाया करयोग्य मूल्य हाच असल्याने ते कमी झाल्यास सामान्य करासोबत देयकातील इतर अनेक रकमाही कमी होतात.

हरकतीचा विषय काय होऊ शकतो

कराचे दर ठरवण्याचा अधिकार महानगरपालिकेचा आहे. कलम ९९ नुसार पुढील वर्षाचे दर २० फेब्रुवारीपर्यंत निश्चित करावे लागतात. दर जास्त आहे, रस्ते खराब आहेत किंवा पाणी कमी दाबाने येते, ही कारणे हरकतीत ग्राह्य धरली जात नाहीत. ती मांडण्याची जागा महासभा आणि निवडणूक आहे. ठाण्यात आणि कल्याणमध्ये अनेक हरकती या एकाच गैरसमजावर अडखळतात.

नोंदीतील तथ्यांवरील हरकत याउलट टिकते. सर्वांत जास्त वाद क्षेत्रफळाचा असतो. विक्री करारात चटई क्षेत्र, विकासकाच्या जुन्या माहितीपत्रकात ‘सुपर बिल्ट-अप’ आणि महानगरपालिकेच्या नोंदीत तिसराच आकडा, अशी स्थिती २०१७ मध्ये स्थावर संपदा कायदा पूर्णपणे अमलात येण्यापूर्वीच्या इमारतींत सर्रास आढळते. वापर हा दुसरा मुद्दा. तळमजल्यावरील खोलीत पूर्वी चालणारे दुकान बंद होऊन तेथे कुटुंब राहू लागले, तरी नोंद ‘बिगरनिवासी’ अशीच राहते आणि बिगरनिवासी दर निवासी दरापेक्षा बराच अधिक असतो. याशिवाय बांधकामाचा प्रकार (भार घेणाऱ्या भिंती, आर.सी.सी., पत्र्याचे छप्पर), बांधकामाचे वर्ष, एकाच जागेची दोनदा झालेली नोंद आणि भाडेकरू निघून गेल्यावरही चालू राहिलेली भाड्याची आकारणी हे नेहमीचे विषय आहेत.

खोपट हा ठाण्याच्या मध्यवर्ती भागातील, राज्य परिवहनाच्या बसस्थानकामुळे परिचित असलेला परिसर आहे. अशा जुन्या वस्त्यांत पुनर्विकासामुळे आणखी एक प्रश्न उभा राहतो. इमारत पाडल्याची लेखी सूचना महानगरपालिकेस दिली नाही, तर पाडलेल्या इमारतीचा कर पूर्वीप्रमाणेच चालू राहतो. सूचना देण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. पाडकामाची परवानगी महानगरपालिकेच्याच शहर विकास विभागाने दिली होती, एवढे सांगून ही जबाबदारी संपत नाही. एकाच कार्यालयाच्या दोन विभागांनी एकमेकांस कळवावे ही अपेक्षा रास्त असली, तरी नियम तिच्यावर विसंबत नाहीत.

हस्तांतरणाचेही तसेच आहे. विक्री, बक्षीस किंवा वारसा यांमुळे मालकी बदलल्यास ठराविक मुदतीत आयुक्तांना कळवावे लागते. तोवर करासाठी जुना नोंदीत मालकच जबाबदार राहतो. मालमत्ता कराची पावती मालकीचा पुरावा मानली जात नाही.

प्रक्रिया

प्रभागातील मूल्यांकन पूर्ण झाल्यावर आयुक्त जाहीर सूचना देतात आणि आकारणी नोंदवही पाहण्यासाठी खुली करतात. मालक व भोगवटादार यांना आपल्या जागेपुरता भाग विनामूल्य पाहता येतो व त्याचा उतारा घेता येतो. इतरांना शुल्क भरून तो मिळतो. ही दुसरी तरतूद फारशी वापरली जात नाही, पण हरकतदाराला तिचा मोठा उपयोग आहे. त्याच इमारतीतील, त्याच आकाराच्या वरच्या मजल्यावरील सदनिकेचे मूल्य कमी असल्याचा उतारा हा सर्वांत थेट पुरावा ठरतो.

मालमत्ता प्रथमच नोंदवली गेली असेल किंवा तिचे मूल्य वाढवले असेल, तर संबंधितास विशेष नोटीस बजावणे बंधनकारक आहे. हरकतीची मुदत नोटीस मिळाल्यापासून मोजली जाते आणि ती नोटिशीतच छापलेली असते. त्यामुळे नोटीस कोणत्या तारखेला, कोणाच्या हाती पडली याची नोंद ठेवावी लागते. गृहनिर्माण संस्थांत नोटिशा अनेकदा पहारेकऱ्याकडे किंवा सचिवांच्या घरी पोहोचतात आणि सभासदांना मुदत सरल्यावर कळतात.

हरकत लेखी असावी लागते आणि तिच्यात कारणे स्पष्ट मांडावी लागतात. ‘कर जास्त आहे, कमी करावा’ एवढ्या अर्जावर अधिकाऱ्याला तपासण्यासारखे काही नसते. नोंदवहीतील आकडा, प्रत्यक्षातील आकडा आणि त्याचा पुरावा या तीन गोष्टी अर्जात समोरासमोर असाव्या लागतात. पुरावा म्हणून नोंदणीकृत करारनामा, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, वास्तुविशारदाचे मोजमाप, वीजदेयकावरील निवासी वर्गवारी आणि शेजारच्या मालमत्तेचा आकारणी उतारा जोडला जातो. अर्ज प्रभाग समिती कार्यालयातील कर विभागात देता येतो. ठाणे महानगरपालिकेचे मुख्यालय पाचपाखाडीत, तर कल्याण-डोंबिवलीचे कल्याण पश्चिमेतील शंकरराव चौकात आहे. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेणे अत्यावश्यक आहे, कारण पुढील अपिलात हरकत मुदतीत केली होती हे अपीलकर्त्यालाच सिद्ध करावे लागते.

त्यानंतर सुनावणीची तारीख कळवली जाते. हरकतदार गैरहजर राहिल्यास त्याच्या अनुपस्थितीतही निर्णय देता येतो. आयुक्तांचे हे अधिकार सामान्यतः कर विभागाच्या अधिकाऱ्यांकडे सोपवलेले असतात. म्हणजे ज्या विभागाने मूल्य ठरवले तोच विभाग प्रथम त्याची फेरतपासणी करतो. या रचनेवर टीका होते, पण मोजमापाच्या साध्या चुका याच टप्प्यावर, वकिलाविना दुरुस्त होतात हेही खरे आहे. सुनावणीपूर्वी जागेची पाहणी होऊ शकते. बंदिस्त केलेली गॅलरी किंवा गच्चीवरील शेड तेव्हा नोंदली गेली, तर वाढीव आकारणीची वेगळी नोटीस येण्याचा धोका असतो.

नोंदवही दरवर्षी नव्याने केली जात नाही. जुन्या नोंदी पुढे चालू ठेवता येतात, मात्र चार वर्षांतून किमान एकदा ती नव्याने तयार करावी लागते. दरम्यानच्या काळातील बदलांसाठी नियम २० आहे. त्यानुसार केलेली दुरुस्ती चालू अधिकृत वर्षात ज्या दिवशी बदलाचे कारण निर्माण झाले त्या दिवसापासून अमलात आल्याचे मानले जाते. म्हणूनच दहा वर्षे चुकीच्या क्षेत्रफळावर कर भरलेल्या मालकाला मागील फरक या मार्गाने मिळणे कठीण असते.

अपील

आयुक्तांचा निर्णय मान्य नसल्यास कलम ४०६ नुसार अपील करता येते. पुण्यात ते लघुवाद न्यायालयापुढे, तर ठाणे व कल्याण-डोंबिवलीसह इतर शहरांत दिवाणी न्यायाधीश (वरिष्ठ स्तर) यांच्यापुढे चालते. त्यासाठी अपील पंधरा दिवसांत दाखल झालेले असावे, त्यापूर्वी आयुक्तांकडे हरकत घेऊन तिचा निकाल लागलेला असावा आणि वादातील कराची रक्कम महानगरपालिकेकडे जमा केलेली असावी, अशा अटी आहेत.

शेवटची अट सर्वाधिक जाचक ठरते. चुकीचा वाटणारा कर आधी भरा आणि मग तो चुकीचा असल्याचे सिद्ध करा, असा तिचा अर्थ होतो. १९४९ चा अधिनियम गुजरातमध्येही लागू होता आणि तेथील अनंत मिल्स खटल्यात (१९७५) सर्वोच्च न्यायालयाने ही अट वैध ठरवली. अपिलाचा हक्क कायद्याने दिलेला असल्याने त्याला अटी घालण्याचा अधिकारही कायदेमंडळाला आहे, असे तिचे कारण होते. मोठ्या व्यापारी मालमत्तांना रक्कम उभी करता येते, निवृत्तिवेतनावर राहणाऱ्या सदनिकाधारकाला ती जड जाते. व्यवहारात त्यामुळे लहान घरांचे वाद हरकतीच्या टप्प्यावरच संपतात.

थेट उच्च न्यायालयात रिट याचिका केल्यास, पर्यायी उपाय उपलब्ध असल्याच्या कारणाने ती सहसा ऐकली जात नाही. नोटीस न देताच मूल्य वाढवणे यांसारख्या अधिकारक्षेत्राच्या किंवा नैसर्गिक न्यायाच्या मुद्द्यांवर अपवाद केला जातो.

हरकत प्रलंबित असताना

हरकत दिली म्हणजे वसुली थांबली असे होत नाही. कर सहामाही असून १ एप्रिल व १ ऑक्टोबर रोजी देय होतो आणि मुदतीत न भरल्यास थकीत रकमेवर दरमहा दोन टक्के शास्ती लागते. म्हणून अनेक करदाते ‘हरकतीस अधीन राहून’ असे लेखी कळवून रक्कम भरतात. थकबाकी वाढल्यास मागणीची नोटीस, जप्तीचे अधिपत्र आणि अखेरीस स्थावर मालमत्तेची विक्री असा वसुलीचा क्रम आहे. महानगरपालिका वेळोवेळी ‘अभय योजना’ जाहीर करतात आणि थकबाकीची प्रकरणे लोकअदालतीतही ठेवली जातात. अभय योजनेत सवलत मिळते ती शास्तीवर. मूळ मूल्य चुकीचे असल्यास ते तसेच राहते.

अनधिकृत बांधकामांसाठी कलम २६७अ मध्ये मालमत्ता कराच्या दुपटीइतक्या शास्तीची तरतूद होती. पुढे लहान निवासी बांधकामांना तिच्यातून सवलत देण्यात आली. कर किंवा शास्ती भरल्याने बांधकाम नियमित होत नाही.

कल्याण-डोंबिवलीतील २७ गावे

१ जून २०१५ रोजी २७ गावे कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेत समाविष्ट झाली. ग्रामपंचायतीची घरपट्टी आणि महानगरपालिकेचा मालमत्ता कर यांतील तफावतीमुळे तेथे करवाढीविरुद्ध दीर्घकाळ आंदोलने झाली. नव्याने समाविष्ट क्षेत्रांत कर टप्प्याटप्प्याने वाढवण्याची तरतूद अधिनियमात आहे. पण ती वाढ दराची असते, मूल्यांकनातील चूक नसते. त्यामुळे हा प्रश्न वैयक्तिक हरकतींनी सुटण्यासारखा नव्हता आणि तो राजकीय पातळीवरच लढवला गेला.

इतरत्र

मुंबईत १ एप्रिल २०१० पासून भांडवली मूल्यावर आधारित पद्धत लागू आहे. तिच्या नियमांपैकी काही मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये रद्द केले आणि सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निर्णय कायम ठेवला. जमिनीचे मूल्य तिच्या सध्याच्या स्थितीनुसार धरावे, भविष्यात होऊ शकणाऱ्या विकासानुसार नव्हे, हा त्यातील एक मुद्दा होता. पुण्यात १९७० पासून निवासी मिळकतींना मिळणारी ४० टक्के सवलत शासनाने रद्द केली होती. ती २०२३ मध्ये पुन्हा लागू झाली, पण अनेक मिळकतधारकांना घराचा वापर स्वतः करत असल्याचा पुरावा ‘पीटी-३’ अर्जासोबत द्यावा लागला.

इंग्लंडमधील कौन्सिल टॅक्स १९९३ मध्ये सुरू झाला. तेथे घरांचे ‘ए’ ते ‘एच’ असे आठ गट केलेले असून ते १ एप्रिल १९९१ च्या बाजारभावावर आधारलेले आहेत. सुरुवातीचे मूल्यांकन घाईने, काही ठिकाणी केवळ रस्त्यावरून पाहून झाल्याने समान घरे वेगवेगळ्या गटांत पडली. तेथेही हरकतीचा मुख्य आधार शेजारच्या तशाच घराचा गट हाच असतो. मूल्यांकन कार्यालयाने मागणी फेटाळल्यास न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. मात्र फेरतपासणीत गट वरही जाऊ शकतो आणि त्याचा परिणाम कधीकधी अर्ज न केलेल्या शेजाऱ्यांच्या देयकांवरही होतो.