नियत वयोमान

'नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त' हे शब्द ज्याने आपल्या सेवापुस्तकात वाचले आहेत तो ते सहसा विसरत नाही. आमच्या खात्यात हे वय अठ्ठावन्न. आदल्या दिवशी वर्गात उभा राहून फ्रेंच राज्यक्रांती शिकवणारा मास्तर दुसऱ्या दिवशी अपात्र ठरतो. गुडघे, डोळे, आवाज कोणी तपासत नाही, फक्त जन्मतारीख पाहतात. या नियमाबद्दल माझी तक्रार नाही. तो नसता तर माझ्यामागून आलेल्या पोरांना जागा कुठून मिळाल्या असत्या? पण अपात्र आणि असमर्थ हे दोन वेगळे शब्द आहेत, एवढे मात्र तेव्हापासून मनात बसले.

संगणकांनाही असे नियत वयोमान असते. ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे यंत्राचा सगळा कारभार पाहणारी मूळ प्रणाली, दर काही वर्षांनी नवी येते. तिच्याबरोबर कंपनी एक यादी काढते. या यादीतल्या यंत्रांवर ती चालेल, बाकीच्यांनी घरी बसावे. ही यादी न मानणारे लोक गेली पंचवीस वर्षे तरी आहेत. त्यांचा इतिहास कोणत्या क्रमिक पुस्तकात यायचा नाही, पण मला तो फार मनोरंजक वाटतो.

सुरुवात अ‍ॅपलपासून करू. २४ मार्च २००१ रोजी अ‍ॅपलने मॅक ओएस टेन ही संपूर्ण नवी प्रणाली बाजारात आणली. (नावातला एक्स हा रोमन दहा.) अट अशी की यंत्र मुळात जी-३ या प्रोसेसरसह विकले गेलेले असावे. त्याआधीची, १९९५ ते १९९७ या काळातली पॉवर मॅकिंटॉश यंत्रे होती. ७५००, ८५००, ९५०० अशी त्यांची नावे. ती मजबूत आणि महागडी. त्यांच्यात एक सोय अशी की प्रोसेसर वेगळ्या पट्टीवर बसवलेला असे. ती पट्टी काढायची आणि दुसऱ्या कंपनीने केलेली जी-३ किंवा जी-४ची पट्टी खोचायची. म्हणजे यंत्राच्या पोटात आता हवा तो प्रोसेसर आला. तरी प्रणाली बसेना, कारण ती पोटात पाहत नव्हती, जन्मदाखला पाहत होती.

रायन रेम्पेल नावाच्या गृहस्थांनी यावर तोड काढली. अ‍ॅपलने आपल्या प्रणालीचा तळाचा भाग डार्विन या नावाने १९९९पासून सर्वांसाठी खुला केला होता. त्याची मूळ संहिता कोणालाही वाचता येत होती. रेम्पेल यांनी ती वाचली. यंत्र सुरू करून देणारा भाग दुरुस्त केला, जुन्या मदरबोर्डाला लागणारे जोडभाग घातले आणि एक छोटा प्रोग्राम लोकांना दिला. त्याचे नाव एक्सपोस्टफॅक्टो. कायद्यात 'एक्स पोस्ट फॅक्टो' हा लॅटिन शब्दप्रयोग आहे. त्याला आपल्या सरकारी मराठीत जोड आहे: कार्योत्तर मंजुरी! आधी काम करून टाकायचे, मंजुरी मागाहून. ज्याने शाळेच्या छपराची कौले आधी बदलून मग फायली फिरवल्या आहेत त्याला या नावातली खुमारी समजावून सांगायला नको. फरक एवढाच की इथे मंजुरी कधीच आली नाही आणि कोणाचे अडलेही नाही.

पुढे २००५च्या एप्रिलमध्ये टायगर ही आवृत्ती आली. तिची अट होती, यंत्रात फायरवायर नावाची जोडणीची खाच मुळातच हवी. कॅमेरा किंवा बाहेरची डिस्क जोडायची ही खाच. प्रणाली चालण्याशी तिचा तसा संबंध नाही. पण १९९८ सालच्या पहिल्या, त्या निळ्या फुगीर आयमॅकला ती नव्हती, आणि तेवढ्याने त्याची रेघ आखली गेली. लोकांनी एक्सपोस्टफॅक्टोच्या चौथ्या आवृत्तीने टायगर त्यावर बसवली आणि ती चालली. हळू चालली, पण चालली.

सर्वांत गमतीचा किस्सा २००७चा. २६ ऑक्टोबरला लेपर्ड आली. तिची अट ८६७ मेगाहर्ट्झ. हा आकडा गोल नाही, म्हणून काही गणित असेल असे वाटते. बाजारात ज्या ज्या वेगाची यंत्रे गेली होती त्यांच्यातच कुठेतरी रेघ ओढलेली होती, एवढाच त्याचा अर्थ. ८०० मेगाहर्ट्झच्या यंत्राला ती घेईना, अगदी दोन-दोन प्रोसेसर असले तरी. आता उपाय पाहा. मॅक सुरू होताना चार कळा एकदम दाबल्या की एक पांढरा पडदा येई. तिथे दोन-चार ओळी लिहून यंत्राकडून असे वदवून घेता येई की माझा वेग ८६७ आहे. प्रणाली विचारी, यंत्र उत्तर देई, प्रणाली समाधानाने आत येऊन बसे. पुन्हा चालू केले की यंत्र आपली थाप विसरून जाई, पण तोवर लेपर्ड घरात स्थिरावलेली असे. ज्यांना त्या ओळी लिहायचा धीर नव्हता त्यांच्यासाठी लेपर्डअसिस्ट नावाचा प्रोग्रामही निघाला. तो हेच खोटे बोलण्याचे काम आपल्यासाठी करी.

हे वाचून वाटेल की सगळ्या अटी अशा पोकळच असतात. तसे नाही. २००९च्या ऑगस्टमध्ये स्नो लेपर्ड आली तेव्हा खेळ एकदम थांबला. अ‍ॅपलने २००५ साली जाहीर केले होते की पॉवरपीसी जातीचे प्रोसेसर सोडून आपण इंटेलकडे जाणार. विक्रीला आलेल्या स्नो लेपर्डमध्ये पॉवरपीसीला समजेल अशी संहिताच ठेवलेली नव्हती. इथे थाप मारून उपयोग नाही. तमिळ पुस्तक मराठी शाळेत नेले आणि मुखपृष्ठावर 'बालभारती' लिहिले तर मुलांना ते वाचता येणार आहे का?

माझ्या मते या सगळ्या उद्योगाचे खरे मोल इथे आहे. यादी सरसकट नाही म्हणते. त्यातले कोणते नाही कागदावरचे आणि कोणते यंत्रातले, हे कंपनी फोड करून सांगत नाही. ते करून पाहावे लागते. आणि ते पाहणारे बहुतेक लोक स्वतःच्या वेळेत, फुकट पाहत होते.

या दोन टोकांच्या मधली उदाहरणे जास्त विचार करायला लावतात. २००६ सालचा मॅक प्रो घ्या. प्रोसेसर पूर्ण ६४ बिटांचा, ताकद दांडगी. पण यंत्र जागे करणारा जो चिमुकला प्रोग्राम आत कोरलेला असतो तो मात्र ३२ बिटांचा. २०१२ची माउंटन लायन ६४ बिटांचीच होती. म्हणजे वाड्यातली माणसे सगळी समर्थ, फक्त दारावरच्या रखवालदाराला पाहुण्याची भाषा येत नाही. हा अडथळा खरा होता, पण दारापुरताच. काही जणांनी प्रणालीचा तो सुरुवातीचा भाग नव्याने लिहून ३२ बिटांचा केला, मधे दुभाषा उभा करावा तसा. त्या जोरावर ही यंत्रे २०१५च्या एल कॅपिटनपर्यंत गेली. जन्मानंतर नऊ वर्षांनी!

२०१८ साली मोजावेने मेटल नावाची चित्रप्रक्रिया सक्तीची केली. जुन्या यंत्रांतल्या चित्रपट्ट्यांना ती येत नव्हती. मग आधीच्या आवृत्त्यांतले चालक-प्रोग्राम उचलून नव्या प्रणालीत परत घालण्याचे तंत्र निघाले. २०२०ची बिग सर आली तेव्हा अ‍ॅपलने प्रणालीच्या कप्प्याला मोहोर लावायला सुरुवात केली. आत एक अक्षर बदलले तरी मोहोर तुटते. त्यानंतर ओपनकोअर लेगसी पॅचर हे साधन पुढे आले. ते यंत्र सुरू होतानाच, स्मृतीतल्या स्मृतीत, लागेल तो फेरफार करते. डिस्कला शक्यतो हात लावत नाही. त्याने २००७पासूनची अनेक यंत्रे नव्या आवृत्त्यांवर आणली. पण फार जुन्या चित्रपट्ट्यांसाठी मोहोर तोडावीच लागते आणि संरक्षणाची काही कुलपे सैल करावी लागतात. हे त्या साधनाचे कर्ते लपवून ठेवत नाहीत. ज्याला बसवायचे त्याने वाचून, समजून बसवावे. आणि आता इथेही भिंत दिसू लागली आहे. सप्टेंबर २०२५मध्ये आलेली टाहो ही इंटेल मॅकसाठी शेवटची आवृत्ती, असे अ‍ॅपलने सांगून टाकले आहे. २००९ पुन्हा आले म्हणायचे.

हे झाले अमेरिकेतले. आपल्याकडे मॅक होते किती घरांत? आपली कथा विंडोजची, आणि मराठी माणसाला नवी प्रणाली हवी असण्याचे कारण वेगळे होते. विंडोज ९८वर देवनागरी लिहायची तर ज्याचा त्याचा फॉन्ट. मी एका फॉन्टात लिहिलेले पत्र तुमच्याकडे तो फॉन्ट नसेल तर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी होऊन पोहोचे. युनिकोडमधली देवनागरी आणि मंगल हा फॉन्ट विंडोज २०००मध्ये आला आणि घरोघर पोहोचला तो एक्सपीबरोबर. तिथेही सेटिंगमध्ये जाऊन एका चौकटीत खूण करायची, मूळ सीडी घालायची, मग अक्षरे नीट जुळत. सुरुवातीच्या मराठी अनुदिनीकारांपैकी कितीजणांनी ती सीडी शेजाऱ्याकडून मागून आणली असेल!

एक्सपीची किमान अट होती ६४ मेगाबाइट स्मृती. आमच्या घरच्या जुन्या यंत्रात बरोबर तेवढीच होती. कागदावर पात्र. भाच्याने एक्सपी बसवली आणि सुरू व्हायला इतका वेळ लागे की मी कळ दाबून पूजा उरकून येत असे. १२८ची पट्टी वाढवल्यावर सुधारणा झाली. म्हणजे यादी उलट्या बाजूनेही चुकते: नापास केलेला धावतो आणि पास केलेला धापा टाकतो. पण त्या यंत्रावर मी पहिल्यांदा ळ लिहिला आणि तो अमेरिकेतल्या पुतणीच्या पडद्यावर ळच दिसला. एवढ्यासाठी ती धाप सोसली.

मग कोणी म्हणेल, जुनीच प्रणाली ठेवावी की, कशाला हा खटाटोप? याचे उत्तर २०१७ सालच्या मे महिन्यात मिळाले. वॉनाक्राय नावाच्या प्रोग्रामने जगभरचे संगणक कुलूपबंद करून खंडणी मागितली. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांत कामे ठप्प झाली. ज्या भगदाडातून तो शिरला ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती, पण सेवेत असलेल्या प्रणालींना. एक्सपीची सेवा ८ एप्रिल २०१४ला संपली होती. हल्ल्यानंतर कंपनीने एक्सपीसाठीही ती दुरुस्ती खुली केली. दर वेळी असे कोणी करील या भरवशावर बसता येत नाही. म्हणून जुन्या यंत्रावर नवी प्रणाली हा नुसता हौसेचा खेळ नाही. ज्याला नवे यंत्र परवडत नाही, त्याच्या दाराच्या कडीचा प्रश्न आहे.

तोच प्रश्न आता पुन्हा आला. २०२१ साली आलेल्या विंडोज ११ने टीपीएम २.० ही सुरक्षेची चीप मागितली आणि इंटेलचा आठव्या पिढीचा, म्हणजे साधारण २०१७नंतरचा प्रोसेसर मागितला. चीपमागचे कारण खरे आहे. गुप्त किल्ल्या वेगळ्या तिजोरीत ठेवलेल्या बऱ्या. पण त्याच कंपनीने अट चुकवायची एक नोंदही स्वतःच प्रसिद्ध केली, पुढच्या सुधारणांची हमी नाही असा इशारा देऊन. म्हणजे कागदावरची अट, कार्योत्तर मंजुरीसह. २०२४च्या आवृत्तीत मात्र खरी भिंत आली. तिला लागणाऱ्या काही आज्ञा फार जुन्या प्रोसेसरांना ठाऊकच नाहीत, आणि अशी यंत्रे सुरूच होत नाहीत. विंडोज १०ची नेहमीची सेवा १४ ऑक्टोबर २०२५ला थांबली.

माझा संगणक चौथ्या पिढीचा. त्या आज्ञा त्याला कळतात, टीपीएमची अट मात्र तो पुरी करीत नाही. शेजारच्या अभियांत्रिकीच्या मुलाने रूफस नावाच्या फुकट प्रोग्रामने पेनड्राइव्ह तयार करून त्यावर ११ बसवली. महिन्याच्या दुरुस्त्या येतात. वर्षाची मोठी आवृत्ती आपोआप येत नाही, ती हाताने बसवावी लागते. बँकेचे काम मी त्यावर करीत नाही. हे लिहिणे त्यावरच चालू आहे.

लिनक्सवाल्यांना या गोष्टीवर हसू येत असेल. त्यांच्याकडे यादी काढणारी एक कंपनी नाही. पण नियत वयोमान त्यांनाही चुकले नाही. लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने १९९१च्या जानेवारीत ३८६ प्रोसेसरचा संगणक घेतला आणि त्याच यंत्रासाठी लिनक्स लिहायला घेतले. फेब्रुवारी २०१३मध्ये आलेल्या ३.८ आवृत्तीतून ३८६चा आधार काढून टाकण्यात आला. अनेक प्रोसेसरांना एकत्र नांदवायला लागणाऱ्या काही आज्ञा त्या बिचाऱ्याला येत नव्हत्या, आणि त्याच्या एकट्यासाठी सगळ्यांना वळसा घालून लिहावे लागे. ज्या घरात जन्म झाला त्याच घराला कुलूप. फक्त इथे कारण सर्वांसमोर मांडले गेले आणि काढलेली प्रत्येक ओळ कोणालाही पाहता येते. त्याआधीची ३.७ही कोणी दडवलेली नाही. ज्याच्या माळ्यावर ३८६ पडलेला असेल त्याला ती आजही उतरवून घेता येते.