फिकट रोपाचा वंशविस्तार

बर्ली तंबाखूचा डबा उघडला की नाकाला आधी कोकोचा वास लागतो आणि त्याच्या मागोमाग भाजलेल्या शेंगदाण्याचा. यातला शेंगदाणा पानाचा. कोको बराचसा कारखान्याचा. हे पान दुसऱ्याचा वास अंगाला लावून का हिंडतं, याचा शोध घ्यायला निघालं की वाट एका रोगट दिसणाऱ्या रोपापाशी जाते.

साल 1864. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं. ओहायो नदीच्या उत्तरेला, हिगिन्सपोर्टजवळ, कॅप्टन फ्रेडरिक कौट्झ यांच्या जमिनीवर जॉर्ज वेब नावाचा कूळ तंबाखू पिकवत होता. त्या हंगामाचं बी नदीपलीकडच्या केंटकीतून आलं होतं, तांबड्या बर्लीचं. पण वाफ्यात काही रोपं उगवली ती पांढुरकी, कावीळ झाल्यासारखी. रोग समजून ती उपटून टाकली, असं सांगतात. पुढच्या हंगामात त्याच बियातून पुन्हा तशीच रोपं निघाली, तेव्हा मात्र ती लावून पाहिली. झाडं फिकट राहिली, पण वाढली धडधाकट. 1867 मध्ये सेंट लुईसच्या प्रदर्शनात या ‘पांढऱ्या बर्ली’ला बक्षीस मिळालं आणि बघता बघता तांबडी बर्ली मागे पडली.

तो रोग नव्हताच. दोन सुप्त जनुकं एकाच रोपात जुळून आली की पानात हरितद्रव्य कमी बनतं, एवढाच तो प्रकार. पण या पानाचा स्वभाव पुरा ठरतो तो शेतातून बाहेर पडल्यावर, सुकवणीत.

व्हर्जिनिया तंबाखू बंद कोठीत गरम हवेवर काही दिवसांत सुकवतात. पान लवकर मरतं आणि त्यातली साखर आतच अडकून राहते, वजनाच्या 15-20 टक्क्यांपर्यंत. आपल्याकडे निपाणी भागात बिडीची तंबाखू उन्हात वाळते. बर्लीला आगही नाही आणि ऊनही नाही. अख्खं झाड बुंध्याशी कापायचं, काठीत ओवायचं आणि हवेशीर लाकडी कोठाराच्या आढ्याखाली उलटं टांगायचं. तिथे ते चार ते आठ आठवडे लोंबतं. कापल्यावरही पान काही दिवस जिवंत असतं, श्वास घेतं आणि उपाशीपोटी स्वतःचीच साखर खातं. पिवळं होत होत शेवटी तपकिरी पडतं, तोवर साखर उरते ती जेमतेम एखादा टक्का. हाताला लागतं ते हलकं, कोरडं, सच्छिद्र पान.

कारखानदारांना हवं होतं ते नेमकं हेच. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत तंबाखू ओढण्यापेक्षा चघळली जायची जास्त, आणि चघळायच्या वडीत गोडवा हवा. साखर, ज्येष्ठमध, कोको, रम यांचा पाक पांढरी बर्ली टीपकागदासारखी शोषून घेई. स्वतःची गोडी नसल्यामुळेच ती कुणाच्याही गोडीला जागा देत होती.

चघळणाऱ्यांच्या तोंडातून ती पाइपमध्ये गेली. 1907 मध्ये आर. जे. रेनॉल्ड्सने प्रिन्स अल्बर्ट बाजारात आणली. लाल चपटा डबा, त्यावर लांब कोट घातलेले राजपुत्र, आणि मागे छापलेली पेटंटची तारीख, 30 जुलै 1907. जाहिरातीचा भर एकाच गोष्टीवर होता : ही तंबाखू जिभेला चावत नाही. तिचं नाव घरोघरी इतकं झालं, की पोरं दुकानदाराला फोन करून विचारायची, “प्रिन्स अल्बर्ट डब्यात आहेत का?” तो हो म्हणाला की, “मग सोडा की बिचाऱ्यांना बाहेर!” त्याच कंपनीच्या 1913 सालच्या कॅमल सिगारेटमध्ये बर्ली व्हर्जिनिया आणि तुर्की पानांच्या जोडीला जाऊन बसली आणि अमेरिकन सिगारेटचा साचा ठरून गेला.

पाइपमध्ये ती कशी लागते? मक्याच्या कणसाचा पाइप घ्यावा. मिसूरीतल्या वॉशिंग्टन गावात हे पाइप 1869 पासून बनतात आणि बर्लीशी त्यांचं जुनं सूत आहे. भरायचा तीन चिमटींत : पहिली सोडून दिलेली, दुसरी जरा दाबलेली, तिसरी घट्ट. पान कोरडं असल्याने चटकन पेटतं, एकसारखं जळतं, पाइप गळत नाही. व्हर्जिनियाचा धूर गवताच्या गंजीसारखा गोडसर आणि तिखट. बर्लीचा भरीव, सपाट, करपायच्या आधी उतरवलेल्या पावासारखा. मात्र भसाभसा ओढलं की ती कडवट होते. निम्म्यावर येईतो पाक जळून जातो. कोको संपतो आणि उरतं ते पान : कोरडं, मातकट, थोडं सिगारच्या वळणाचं.

त्या उरलेल्या पानाचा एक हिशेब बाकी राहतो. साखर कमी म्हणून बर्लीचा धूर आम्लाकडे झुकत नाही, अल्कलीकडे झुकतो. अशा धुरातलं निकोटिन तोंडाच्या आतल्या अस्तरातूनच रक्तात उतरतं. ‘मी धूर गिळत नाही’ म्हणणाऱ्यालाही ते चुकत नाही. शिवाय फिकट झाड नत्राला हावरं, पण त्याला ते नीट पचवता येत नाही. खत भरपूर घालावं लागतं आणि न पचलेलं नत्र नायट्रेट होऊन पानात साठतं. सुकवणीत त्यातूनच नायट्रोसअमाइनं तयार होतात, आणि त्यांतली काही कर्करोग घडवतात. व्हर्जिनियापेक्षा बर्लीत ती जास्त सापडतात.

म्हणजे जिभेला न चावणारी चव आणि पानातलं हे विष, दोन्ही एकाच घरची. वेबने पहिल्या वर्षी रोपं उपटली ती चुकीच्या समजुतीने. पण त्यांच्यात काहीतरी कमी आहे, हे त्याला बरोबर दिसलं होतं.