खिळ्यांचा हिशेब

१९०८ सालच्या अखेरीस गोपाळ कृष्ण गोखले विलायतेहून परत येत होते. भारतमंत्री मोर्लेसाहेबांशी घटनासुधारणांची बोलणी करण्यात त्यांचे ते वर्ष खर्ची पडले होते. परतीच्या त्या प्रवासात त्यांची गाठ पडली शंकर आबाजी भिसे यांच्याशी. भिसे मुंबईचे, वयाने चाळिशी ओलांडलेले, लंडनमध्ये बरीच वर्षे काढलेले. छापखान्याचे खिळे पाडणारे एक नवे यंत्र त्यांनी बनवले होते. पेटंटे हातात होती, यंत्राचे कौतुकही झाले होते, पण ते बाजारात उतरवण्यापुरते भांडवल काही केल्या उभे राहत नव्हते. गोखल्यांनी गोष्ट मनावर घेतली आणि पुढे रतन टाटांपर्यंत त्यांची वाट मोकळी करून दिली.

गोखल्यांचा जन्म गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचा. खिळ्यांच्या या कहाणीत रत्नागिरी जिल्हा असा आडवाटेने शिरतो. पुढे तो ठळकपणे आणखी दोनदा भेटतो, आणि त्या दोन्ही वेळा यंत्रापेक्षा अक्षरांचाच प्रश्न मोठा असतो.

आता खिळा म्हणजे काय, हे संगणकावर वाढलेल्या वाचकाला सांगायला हवे. शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रधातूचा तो एक छोटा दांडा. त्याच्या माथ्यावर उलटे, उठावाचे अक्षर. इंग्रजी छापखान्यात त्याची उंची ०.९१८ इंच ठरलेली. एखादा खिळा केसभर बुटका निघाला तर ते अक्षर कागदावर उमटत नाही, आणि केसभर उंच निघाला तर कागद फाटतो. कंपोझिटर म्हणजे जुळारी ‘केस’ या पेटीच्या खणांतून एकेक खिळा उचलून ‘स्टिक’ या हातातल्या पट्टीत जुळवणार, पाने छापून झाली की सगळे सोडवून पुन्हा ज्याच्या त्याच्या खणात टाकणार. इंग्रजीत हे काम कंटाळवाणे होते. मराठीत ते कंटाळवाणे तर होतेच, शिवाय अवाढव्य होते. काने, मात्रा, वेलांट्या, रफार, अर्धी अक्षरे आणि एकाखाली एक बसणारी जोडाक्षरे धरली की खिळ्यांचे प्रकार शेकड्यांनी मोजावे लागत. केसपुढे बसून सगळे खण हाताला येत नसत. कंपोझिटरला उठून चालावे लागे.

मराठी छपाईने ही अडचण हाताच्या कसबावर निभावली होती. बाळशास्त्री जांभेकर हे देवगडजवळच्या पोंभुर्ल्याचे, तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातले. त्यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढले. पुढच्या पिढीत जावजी दादाजींनी मुंबईत निर्णयसागर उभा केला आणि राणोजी रावजी आरू यांच्यासारख्या कारागिराच्या हातून असे सुबक खिळे घडवून घेतले की संस्कृत पोथ्यांच्या शुद्ध छपाईला निर्णयसागर हेच प्रमाण ठरले. खुद्द रत्नागिरीतही ‘जगन्मित्र’, ‘सत्यशोधक’ अशी पत्रे एकोणिसाव्या शतकातच निघत होती. पण कसब कितीही असले तरी वेग हाताचाच होता.

भिसे जन्मले २९ एप्रिल १८६७ रोजी. यंत्रशास्त्राचे शिक्षण देणारी कोणतीही शाळा त्यांनी पाहिली नाही. त्यांचे गुरुकुल म्हणजे अमेरिकेहून येणारे ‘सायंटिफिक अमेरिकन’ हे नियतकालिक. मुंबईत सरकारी कचेरीत कारकुनी करता करता त्यांनी एक सायंटिफिक क्लब काढला. दृष्टिभ्रमाचे प्रयोग करून लोकांना थक्क केले. लोकल गाडीत पुढचे स्टेशन दाखवणारे यंत्र, बाटलीशी कोणी छेडछाड केली तर लगेच कळावे असे झाकण, असल्या गोष्टी त्यांच्या डोक्यात सतत चालू असत. एका इंग्रजी नियतकालिकाने वाणसामान आपोआप तोलून देणाऱ्या यंत्रासाठी स्पर्धा लावली आणि ती या मुंबईकर कारकुनाने जिंकली. मग काँग्रेसचे पुढारी दिनशा वाच्छा यांचे पत्र घेऊन ते लंडनला दादाभाई नौरोजींकडे गेले. दादाभाईंनी त्यांना नुसता आशीर्वाद दिला नाही, रीतसर करार करून पैसा घातला. देशातून किती संपत्ती वाहून जाते याचा हिशेब मांडणाऱ्या माणसाने एका हिंदी कारागिराच्या डोक्यावर पैसा लावावा, हे त्याच हिशेबाचे दुसरे पान म्हणता येईल.

लंडनमध्ये भिसे एका गोष्टीवर थांबले नाहीत. विजेवर चालणारी त्यांची जाहिरातीची पाटी क्रिस्टल पॅलेसमध्ये झळकली. स्वयंपाकघरातली साधने, आपोआप पाणी सोडणारा संडास, डोकेदुखीवरचे औषध, १९०५ साली तर स्त्रियांच्या अंतर्वस्त्रातल्या एका सुधारणेचेही पेटंट. सारे आयुष्य मिळून सुमारे २०० शोध आणि ४० पेटंटे त्यांच्या नावावर सांगितली जातात. या पसाऱ्यामुळेच ‘हिंदी एडिसन’ ही उपाधी त्यांना चिकटली. ती उपाधी थोडी फसवी आहे. एडिसनच्या पाठीशी प्रयोगशाळा होती, पगारी माणसे होती आणि वॉल स्ट्रीटचा पैसा होता. भिशांच्या पाठीशी एक वृद्ध दादाभाई होते.

खिळ्यांचे यंत्र मात्र त्यांनी खऱ्या अर्थाने धरून ठेवले. त्याला पुढे ‘भिसोटाइप’ हे नाव पडले. वितळलेला धातू पंपाने साच्यात ढकलायचा, साच्याच्या टोकाला असलेल्या मातृकेत त्याला अक्षराचा आकार द्यायचा, तो थिजला की खिळा बाहेर काढून त्याची शेपटी कापायची, हे तत्त्व नवे नव्हते. अमेरिकेत डेव्हिड ब्रूसने १८३८ सालीच असे यंत्र केले होते. अडचण होती वेगाची. धातू गरम असतो आणि साचाही तापत जातो; घाई केली तर खिळ्यात पोकळी राहते. भिशांच्या यंत्राचा दावा असा की ते मिनिटाला १,२०० खिळे पाडते. कॅस्लनसारख्या जुन्या, नावाजलेल्या इंग्रजी टाइप फौंड्रीनेही त्याची दखल घेतली.

पण बाजार एका जागी थांबलेला नव्हता. १८८६ साली न्यूयॉर्कच्या ‘ट्रिब्यून’मध्ये मर्गेन्थेलरचे लायनोटाइप चालू झाले होते, ते सबंध ओळच एकसंध ओतून देई. लॅन्स्टनचे मोनोटाइप सुटे खिळे पाडी आणि जुळवूनही देई. लंडनचे ‘टाइम्स’ फ्रेडरिक विक्सच्या यंत्रावर पाडलेले नवे कोरे खिळे वापरत होते, म्हणजे वापरलेले खिळे खणात परत टाकायचे कामच संपले. भिसे ज्या फौंड्रीवाल्यांना आपले यंत्र दाखवत होते, त्यांच्याच पायाखालची वाळू सरकत होती. हा त्यांचा दोष नव्हता; पण गिऱ्हाइकाची निवड चुकली, असे आज दिसते. सुट्या खिळ्यांवर आणखी साठ-सत्तर वर्षे जगणारे छापखाने लंडनमध्ये नव्हते. ते मुंबईत, पुण्यात आणि रत्नागिरीत होते.

भांडवलासाठी दादाभाईंनी आपले मित्र, इंग्लंडमधले समाजवादी पुढारी हेन्री हाइंडमन यांना गळ घातली. समाजवादी माणूस भांडवलदार शोधत फिरतो आहे, हा विनोद त्या काळीही कुणाच्या तरी लक्षात आला असेल. लागणार होते १५,००० पौंड. १९०७ च्या शरदात न्यूयॉर्कच्या पेढ्या डळमळल्या, लंडनचा बाजार आखडला आणि त्या वर्षाच्या डिसेंबरपर्यंत हाइंडमननी हात टेकले.

त्या रकमेचा देशी हिशेब करून पाहण्यासारखा आहे. तेव्हा पौंडाला १५ रुपये पडत, म्हणजे सव्वादोन लाख रुपये. रुपयाचे पैसे ६४, म्हणजे १ कोटी ४४ लाख पैसे. हा पैशांचा आकडा हौसेने काढलेला नाही. नेमक्या याच वर्षांत अंताजी दामोदर काळे गावोगाव हिंडून माणशी एक पैसा गोळा करत होते, टिळक त्यांच्या पाठीशी होते आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काचकारखाना निघाला. पैसा फंडाची कल्पना कोकणातही रुजली. संगमेश्वरची शाळा ते नाव आजही मिरवते. पैसा पैसा जोडून भट्टी पेटवता येत होती, बांगड्या आणि कंदिलाच्या चिमण्या करता येत होत्या. हजारांशाच्या हिशेबात अचूक हवे असलेले यंत्र, त्याचे पाच-सात वर्षांचे प्रयोग आणि वकिलांच्या फिया मात्र त्या फंडातून निघण्यासारख्या नव्हत्या.

दुसरे म्हणजे पेटंट हे वाट पाहणाऱ्यासाठी नसते. हिंदुस्थानात पहिला असा हक्क १८५६ च्या कायद्याने कलकत्त्याच्या जॉर्ज डीपेनिंगला मिळाला, तोही पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी; साहेबाला उकाड्याची चिंता आधी. इंग्लंडमध्ये काय किंवा इथे काय, तेव्हा मुदत १४ वर्षांची. अर्ज दाखल झाला की घड्याळ चालू. शोधक धनिकाच्या दारात बसला असला तरी ते चालूच राहते. १९०१ साली घेतलेल्या पेटंटाचे पहिले दशक भांडवल शोधण्यात गेले, तर उरलेल्या चार वर्षांत कारखाना, विक्री आणि नफा बसवायचा.

टाटा-भिसे इन्व्हेन्शन सिंडिकेट १९१० साली उभे राहिले. रतन टाटा हे जमशेटजींचे धाकटे चिरंजीव. दक्षिण आफ्रिकेतल्या गांधींच्या लढ्याला आणि गोखल्यांच्या भारत सेवक समाजाला त्यांनी उदार हाताने देणग्या दिल्या होत्या. पाटलीपुत्राच्या उत्खननालाही पुढे पैसा दिला. भिशांच्या वाट्याला आलेला पैसा याच उदारतेतून आला असावा, व्यापारी हिशेबातून कमी. पाच वर्षे काम चालले. मग महायुद्ध आले. इंग्लंडमधले कारखाने तोफगोळ्यांकडे वळले, १९१५ मध्ये सिंडिकेटचा गाडा थांबला. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत गोखलेही गेले होते.

रत्नागिरी दुसऱ्यांदा भेटते ती टिळकांच्या रूपाने. त्यांचा जन्म रत्नागिरीत १८५६ सालचा. टिळक आळीतले ते घर आज स्मारक आहे. ‘केसरी’ चालवताना खिळ्यांचा त्रास त्यांना रोजच जाणवत होता. १९०४ च्या सुमारास त्यांनी दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. यंत्र वेगवान करण्याऐवजी खिळ्यांचे प्रकारच कमी करायचे. छाटत छाटत तो आकडा त्यांनी १९० वर आणला. गणिताच्या माणसाची ही पद्धत होती. त्या आकड्याची किंमत यंत्राशेजारी ठेवल्यावर कळते. लायनोटाइपच्या कळा ९०. मोनोटाइपच्या मातृकांच्या चौकटीत जागा १५ गुणिले १५, म्हणजे २२५. टिळकांचे १९० पहिल्यात मावणारे नव्हते. दुसऱ्यात मावून वर जागा उरली असती.

भिसे १९१६ मध्ये अमेरिकेला गेले ते कायमचे. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी खिळ्यांच्या यंत्रासाठी पुन्हा एक कंपनी काढली. पण घर चालले ते वेगळ्याच गोष्टींवर. धुण्याचे एक रसायन त्यांनी विकले. आयोडीनपासून बनवलेले त्यांचे ‘ॲटोमिडीन’ हे औषध चांगलेच खपले. एडगर केसी हा अमेरिकी गूढवादी आपल्या भक्तांना ते सुचवीत असे, त्यामुळे भिशांच्या मागेही ते टिकले. परलोकातल्या आत्म्यांशी बोलण्यासाठी त्यांनी एक ‘स्पिरिट टाइपराइटर’ही केला. इथे वाचकाने भुवई उंचावली तर चालेल, पण खुद्द एडिसनलाही त्या काळात तोच नाद लागला होता. ७ एप्रिल १९३५ रोजी भिसे न्यूयॉर्कमध्येच वारले.

त्याच शहरात, त्यांच्या अखेरच्या वर्षांत, हरी गोविंद गोविल हे मर्गेन्थेलर कंपनीसाठी देवनागरीचे लायनोटाइप बसवत होते. देवनागरी अखेर यंत्रावर चढली, ती भिशांच्या खिळ्यांवरून नव्हे.

आणि त्याच वर्षांत रत्नागिरीत विनायक दामोदर सावरकर स्थानबद्ध होते, १९२४ ते १९३७. राजकारणाला बंदी, म्हणून समाजसुधारणा आणि भाषाशुद्धी यांच्याबरोबर त्यांनी लिपीचाही प्रश्न हाती घेतला. इ, ई, उ, ऊ, ए, ऐ या स्वतंत्र अक्षरांना रजा द्यायची आणि ‘अ’लाच वेलांट्या, उकार, मात्रा लावायच्या. इतिहास झाला अितिहास, ऊस झाला अूस, एक झाला अेक. जोडाक्षरे एकाखाली एक न रचता एकापुढे एक मांडायची. डोळ्याला हे खटकले, पण कंपोझिटरचे चालणे वाचले. काही मराठी नियतकालिकांनी ही अ-ची बाराखडी वर्षानुवर्षे छापली, गांधींच्या वर्तुळात काका कालेलकरांनीही तिचा पुरस्कार केला. स्वातंत्र्याच्या सुमारास आचार्य नरेंद्र देव यांच्या समितीने तिला नकार दिला आणि शाळांच्या पुस्तकांत ती रुजली नाही.

कोकणातल्या लहान छापखान्यांत लग्नपत्रिका आणि ग्रामपंचायतीच्या पावत्या १९८० च्या दशकापर्यंत सुट्या खिळ्यांनीच जुळत राहिल्या. मग ऑफसेट आले, डीटीपी आले आणि किती प्रकारचे खिळे लागतात हा प्रश्नच उरला नाही. इ आणि ए जागच्या जागी राहिले. शिसे किलोच्या भावाने भंगारात गेले.